लोकांच्या पिशव्या

कॉलेजात असताना आम्ही दोघींनी ठरवलं होतं, की एकदा व्हिएन्ना बघायचं. व्हिएन्नाच का, ते आता दोघींनाही सांगता येणार नाही. बहुधा होस्टेलच्या खोलीतल्या कॅलेंडरवर तिथल्या राजवाड्याचं चित्र होतं. पुढे लग्नं झाली, मी सिंगापूरला आले, ती पुण्यातच राहिली. दोनदा तारखा ठरल्या, एकदा तर व्हिसासुद्धा हातात आला, पण दरवेळी कुणाच्या तरी घरात कुणीतरी आजारी पडलं. पन्नाशी उलटल्यावर आम्ही व्हिएन्नाचं नाव काढायचं सोडून दिलं.

त्यामुळे गेल्या वर्षी तिने फोन करून सांगितलं, की लेकीच्या बाळंतपणासाठी ती सिडनीला चालली आहे आणि वाटेत सिंगापूरला एक अख्खा दिवस मोकळा आहे, तेव्हा मी ठरवून टाकलं. व्हिएन्ना नाही तर नाही, हे शहर तिला असं दाखवायचं की तिने तोंडात बोट घातलं पाहिजे. मी सुट्टी टाकली. ऑडिटमध्ये जन्म गेल्यामुळे वेळापत्रक केल्याशिवाय मला चैन पडत नाही. नऊला बोटॅनिक गार्डन, साडेअकराला नदीतली होडी, एक वाजता हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवण, तीनला खाडीकाठची ती काचेची बाग, जिच्यात छताखालीच एक धबधबा आहे. साडेचारला त्या बागेमागे पाण्याकाठच्या बाकावर अर्धा तास.

तो अर्धा तास मला फार महत्त्वाचा होता. कारण मला तिच्याकडून एक काम करून घ्यायचं होतं.

माझी आई पुण्यात एकटी राहते. तिला एक्याऐंशी पूर्ण झाली आहेत. माझी ही मैत्रीण तिच्या शेजारच्या इमारतीत राहते, आणि खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं माझ्या आईची मुलगी तीच आहे. रोज संध्याकाळी डोकावणं, गोळ्यांची डबी भरणं, गॅसवाल्याला फोन करणं सगळं तीच करते. दिवाळीच्या आधी आई न्हाणीघरात पडली, तेव्हा मी इथे मीटिंगमध्ये होते आणि ती तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेली. आता ती सहा महिने सिडनीला जाणार. मग आईकडे बघणार कोण? भाऊ अमेरिकेत. नवरा मरीन इंजिनिअर, वर्षातले आठ महिने बोटीवर. उपाय एकच, आईने माझ्याकडे यायचं. पण आई कुणाचं ऐकत नाही. ऐकलंच तर माझ्या या मैत्रिणीचं ऐकते. तेव्हा मैत्रिणीने आईला पटवावं, हे माझं काम होतं. फोनवर ती कामात असते, अर्धवट ऐकते, म्हणून मी ते बाकासाठी राखून ठेवलं होतं.

सकाळी पाचला उठून मी पोहे केले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं. विमानतळावरून घरी आलो, तिने अंघोळ केली, टेबलाशी आली आणि म्हणाली, "अगं, आज संकष्टी."

"विमानात कसली संकष्टी?"

"माझी चुकत नाही कधी. चंद्रोदय कुठला धरायचा तेवढं बघ ना फोनवर. इथला, की वर आकाशात असेन तिथला?"

मी चंद्रोदय बघितला नाही. मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि तिला दोन केळी दिली. घरात साबुदाणा नव्हता. माझ्या मुलीने कॉलेजला जाता जाता पोहे बघितले आणि इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "मम्मी, सो मच! हू गोइंग टू ईट, लाह?" माझा दिवस तिथेच जरा वाकडा झाला.

मग तिने बॅग उघडली. आईने माझ्यासाठी दिलेली तिळाच्या चटणीची बरणी आधी काढून माझ्या हातात ठेवली. त्याखालून पिशव्या निघाल्या. पुण्यातल्या एकाच मिठाईच्या दुकानाच्या, एकाच रंगाच्या तीन गच्च पिशव्या, सुतळीने बांधलेल्या.

"हे काय?"

"काही नाही गं, सोसायटीतल्या लोकांनी दिलंय. इथल्या त्यांच्या माणसांना द्यायचंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की ती बातमी जिन्यातून आपोआप खाली-वर जाते. मग संध्याकाळी दार वाजतं. दारात शेजारीण असते, तिच्या हातात पिशवी असते, आणि ती म्हणते, "चाललीच आहेस तर..." या वाक्याचा शेवट मी आजवर ऐकलेला नाही. तो करायची गरजच पडत नाही, कारण तोवर पिशवी आपल्या हातात आलेली असते. माझ्या मैत्रिणीला तर नाही म्हणताच येत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती हिच्याकडे कायमची राहायला आली आहे.

"पुढे सिडनीला ने," मी म्हटलं. "तिथून पोस्टाने पाठव."

"ऑस्ट्रेलियात खायचं नेऊ देत नाहीत, तूच म्हणालीस ना? सगळं इथेच उतरवलं पाहिजे."

"मग ठेव इथे. शनिवारी मी देईन एकेकाला."

"छे, मी त्यांना शब्द दिलाय, स्वतः हातात देईन म्हणून. एक तर औषधी आहे. आणि मराठीच माणसं आहेत सगळी, तुझ्या ओळखीचीच असतील!"

सिंगापुरात किती हजार मराठी माणसं आहेत ते मी तिला सांगितलं नाही. एक पिशवी नोव्हेनाला, एक वन-नॉर्थला आणि एक आमच्याच क्वीन्सटाउनमध्ये, माझ्या ब्लॉकपासून, म्हणजे इमारतीपासून, दोन ब्लॉक पलीकडे. क्वीन्सटाउनच्या बाई फोनवर म्हणाल्या, त्यांची पूजा, जेवण, झोप होऊन तीननंतर या. झालं. माझ्या वेळापत्रकाची पहिली ओळ घरातच पुसली गेली.

नोव्हेनाच्या एका इस्पितळात एक तरुण डॉक्टर काम करते, तिला तिच्या काकूने काहीतरी पाठवलं होतं. आम्ही लॉबीत बसलो. पंचेचाळीस मिनिटं. माझी मैत्रीण खूश होती. "काय स्वच्छता आहे गं! इस्पितळ वाटतच नाही, हॉटेल वाटतं." मी म्हटलं, सिंगापुरात येऊन बघायला इस्पितळच सापडलं तुला. त्यावर ती हसली. ती माझ्या चिडण्याला नेहमी हसते, आणि मग मी आणखी चिडते. शेवटी ती डॉक्टर गळ्यात पास अडकवून धावत आली, पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला आणि धावत गेली. सगळं मिळून दोन मिनिटं.

तिथून मी तिला जवळजवळ ओढतच एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसवलं. म्हटलं, निदान बोटॅनिक गार्डन. स्टेशनातून वर आलो, फाटक दिसलं, आतली गर्द झाडं दिसली, आणि तिचा फोन वाजला. डॉक्टर बोलत होती. आवाजात संकोच होता.

"काकू, मी पिशवी उघडली. यात फुलवाती आहेत. आणि दोन परकर. आणि कवळी ठेवायची डबी."

माझी मैत्रीण फाटकापाशीच थांबली. उरलेल्या दोन पिशव्या तिच्या खांद्यावरच्या झोळीत होत्या. तिने सुतळ्या उलटसुलट करून बघितल्या. पिशव्यांवर खुणा होत्या, पण त्या पाठवणाऱ्यांच्या फ्लॅटच्या होत्या. बी-सात. ए-चार. सी-दोन. कुणाला द्यायचं ते लिहायची तिला गरज वाटली नव्हती, कारण कोणत्या फ्लॅटचं कोण कुठे आहे हे तिला तोंडपाठ होतं. फक्त बी-सातच्या बाई, म्हणजे या डॉक्टरची काकू, गेल्या महिन्यात ए-चारमध्ये आणि ए-चारच्या बाई बी-सातमध्ये राहायला गेल्या होत्या, हे ती विसरली होती.

"नाव लिहिता येत नव्हतं?" मी भर फाटकात ओरडले. "साधं नाव!"

"अगं, सोसायटीत सगळ्यांना फ्लॅटच्या नंबरानेच ओळखतो ना आम्ही."

ऑर्किड बघायला आलेल्या चार पर्यटकांनी वळून आमच्याकडे बघितलं. मी म्हटलं, परत जायचं नाही, डॉक्टरला म्हणावं ठेव परकर. पण त्या डॉक्टरच्या पिशवीत तिच्या बहिणीसाठी बाळंतिणीचा काढा आणि डिंकाचे लाडू होते, हीच ती औषधी पिशवी. तेव्हा परत नोव्हेना. परत तीच लॉबी, तोच सोफा, आणि यावेळी पस्तीस मिनिटं. बोटॅनिक गार्डनचं आम्ही फाटक तेवढं बघितलं.

हॉकर सेंटरमध्ये मी नूडल्स घेतल्या, तिने पपई खाल्ली आणि उसाचा रस प्यायली. "आपल्यासारखाच लागतो की," ती म्हणाली. मी इतक्या लांबून तिला आपल्यासारखं दाखवायला आणलं नव्हतं. मी तिला नदीतल्या होडीबद्दल सांगत होते आणि ती तिच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपवर लिहीत होती, की डॉक्टरची पिशवी पोचली. मला एकदम वाटलं, की ही मला भेटायला आलेलीच नाही. मी फक्त हिची वाटाडी आहे.

वन-नॉर्थला काचेच्या उंच इमारतीखाली आम्ही एका दाढीवाल्या इंजिनिअरची वाट बघितली. तो कॉलवर होता. आला तेव्हा कानात इअरफोन तसेच होते. कुठल्या मावशीने पाठवलंय ते त्याला आठवेना. मैत्रिणीने त्याला त्याच्या आजोळची सगळी वंशावळ सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळला. पिशवीत कुळथाचं पीठ होतं. त्याने ते हातात तोलून बघितलं आणि म्हणाला, "थँक यू आँटी, बट आय डोन्ट कुक, लाह." मग तिने त्याला पिठलं कसं करायचं ते सांगितलं. उभ्या उभ्या. फोडणीपासून.

"लष्कराच्या भाकऱ्या," परतीच्या वाटेवर मी म्हटलं. "आयुष्यभर त्याच भाजत राहा तू."

"कुणीतरी भाजाव्याच लागतात," ती म्हणाली. त्या भाकऱ्यांत माझ्या आईच्याही होत्या.

क्वीन्सटाउनला आम्ही साडेतीनला पोचलो. मी मनात ठरवलं होतं, दारातच पिशवी द्यायची आणि टॅक्सी करून थेट बागेत जायचं. बाकावरचा अर्धा तास अजून मिळण्यासारखा होता. पण दार उघडणाऱ्या बाई माझ्या आईएवढ्या होत्या, नऊवारीत होत्या, आणि त्यांनी माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. चहा टाकला. मैत्रिणीला उपास म्हणून दूध आटवायला ठेवलं. फुलवाती मोजून बघितल्या. कवळीच्या डबीचं झाकण तीनदा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "बहिणीला कळतं बघ, काय लागतं ते."

मुलगा आणि सून सकाळी आठला जातात, सातला येतात. त्या दिवसभर एकट्या. मी घड्याळ बघत होते, तरी माझे कान टवकारले. हेच तर मी सगळ्यांना सांगत आले होते, की आईला इथे करमणार नाही, दिवसभर चार भिंतींत ती काय करेल?

"कंटाळा येत असेल ना मावशी?" मी विचारलं.

"पहिले सहा महिने रडले," त्या म्हणाल्या. "मी यायलाच तयार नव्हते. पण माझ्या लेकाने मला विचारलंच नाही, तिकीटच काढलं. स्वतः आला न्यायला. खूप भांडले मी त्याच्याशी. आता सकाळी खाली चिनी बायका हात-पाय हलवतात, त्यांच्यात जाते. त्यातल्या एकीशी माझं जमतं. ती तिचं बोलते, मी माझं बोलते. काही अडत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू दोन ब्लॉक सोडून राहतेस? किती वर्षं?"

"एकोणीस."

"आणि मला आज भेटतेस!" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझी मैत्रीण दुधाच्या कपावरून माझ्याकडे बघत होती.

बाहेर पडलो तेव्हा पाच वाजत आले होते. आता बाग नाही, होडी नाही, काही नाही. घरी जाऊन तिची बॅग घ्यायची आणि विमानतळ. माझ्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सिमेंटचं टेबल आहे, तिथे म्हातारे बुद्धिबळ खेळतात. मी बॅग घेऊन खाली आले, टॅक्सी यायला सात मिनिटं होती, आणि मी तिथेच, म्हाताऱ्यांच्या शेजारी, राखून ठेवलेला विषय काढला. काढला म्हणजे तिच्या अंगावर फेकला.

"दिवस तर गेला. निदान एक काम कर. सिडनीला पोचलीस की आईला फोन कर आणि तिला सांग, लेकीकडे जा म्हणून. तुझं ऐकते ती. मी सांगून काही उपयोग नाही."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

मला खरंच कळेना. जिने अनोळखी माणसांसाठी अख्खा दिवस घातला, ती मला नाही म्हणत होती. नाही म्हणता न येणारी ही बाई पहिलं नाही मलाच म्हणाली.

"लोकांचे परकर पोचवतेस," मी म्हटलं. "माझं एवढं एक होत नाही?"

"तुझं करून झालंय. मागच्या महिन्यात मी काकूंना सांगितलं होतं, जा म्हणून." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "त्या काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, मुलाने सांगितलं, जावयाने बोटीवरून फोन करून सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, आता तू सांगतेस. जिच्या घरी जायचं ती मात्र कधी ये म्हणाली नाही."

"मी म्हटलं नाही? मी शंभर वेळा म्हटलंय!"

"काय म्हटलंस?"

मी आठवायला लागले. तुला हवं तर ये. पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघता येईल. इथे तुला करमेल का, याचा तू विचार कर. इथे राहायच्या लाँग टर्म पासला अर्ज करता येतो म्हणे. मी आठवत गेले आणि मला एकही वाक्य असं सापडेना, ज्यातून आईला हाकलून दिल्यासारखं वाटलं नसतं. पासच्या अर्जाला काय काय लागतं ते मला तीन वर्षं पाठ आहे. मी तो कधी उघडला नाही. कारण आमच्या घरात दोन खोल्या आहेत. कारण आई दर गोष्टीत बोलते. कारण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मला अर्धा तास कुणी काही विचारलेलं खपत नाही. आईला यायचं नाही, अशी मी समजूत करून घेतली होती, आणि ती टिकावी म्हणून तिला विचारायला दुसऱ्यांना पाठवत होते. मला भयंकर राग आला. आधी मैत्रिणीचा, मग आईचा. स्वतःचा राग सगळ्यात शेवटी आला आणि तो अजून गेलेला नाही.

विमानतळावर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "छान दिवस गेला गं." ती खरंच मनापासून म्हणत होती, हे मला जास्त लागलं. ती आत गेली. मी तिथल्याच एका खुर्चीवर बसले आणि आईला फोन लावला.

"पोचली का ती?" आईने विचारलं. "काय काय दाखवलंस तिला?"

"काही नाही."

"काही नाही कसं? अख्खा दिवस होता."

"आई," मी म्हटलं, "तू इकडे ये. माझ्याकडे. राहायलाच ये."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता ती म्हणेल, नको गं, मी इथेच बरी आहे. त्यावर काय बोलायचं ते माझ्याकडे तयार होतं.

"येते की," आई म्हणाली. "कधी येऊ?"

तिचा आवाज इतका मोकळा झालेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मला पुढचा महिना म्हणता आलं असतं. मीच न्यायला येते, असं म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बघू गं."

पलीकडे टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"बघ हो," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.